पाण्याची पाळी

आमची शाळा आधी एक नव्हती, दोन होत्या. मुलींची खालापूरच्या वाटेवर, मुलांची कर्जतला. लढाई संपली, विलायती मडमा परत गेल्या आणि मिशनने दोन्ही शाळा कर्जतला एकत्र केल्या. लोक सांगतात, मुलींची शाळा मोडली आणि मुलांच्या शाळेत गेली. साफ खोटं! मी तिथे होते.

मी मुलींच्या शाळेतली नवी मास्तरीण. मुख्य बाई स्वतः पोरक्या म्हणून लहानपणी तिथेच आलेल्या. त्यांचा नियम एकच: पिण्याच्या पाण्याचा माठ एक, आणि तो भरायची पाळी प्रत्येकीची. जिची पाळी तिने पाणी शेंदायचं, माठ भरायचा आणि ओगराळ्याने सगळ्यांना वाढायचं. पाळी मिळे ती मुलगी विहिरीच्या कठड्यापेक्षा उंच झाली की.

मुलांच्या शाळेत जातीप्रमाणे दोन माठ होते. तोंडी येशूचं नाव, आणि माठ दोन! गावातली शेतकऱ्यांची मुलं टिकावीत म्हणून म्हणे. मी संतापून हस्तपत्रक लिहिलं, बाईंना वाचून दाखवलं.

"छान लिहिलंयस गं," त्या म्हणाल्या. "माठावर झाकायला होईल."

कर्जतला आलो तेव्हा हेडमास्तरांनी तोड काढली. "माठ एकच ठेवू, बाई. फक्त तुमच्या त्या कातकऱ्याच्या पोरीला पाळी नको. ती अंगण झाडेल. नाहीतर शाळा रिकामी होईल."

ती आमच्यातली सगळ्यांत धाकटी. रोज कठड्याला पाठ लावून उंची बघायची. आत्ता कुठे तिचं डोकं वर आलं होतं, आणि पहिली पाळी बाईंनी तिलाच कबूल केली होती.

बाई हेडमास्तरांशी वाद घालत बसल्या नाहीत. शाळा भरली त्या सकाळी माठाशी ओगराळं घेऊन तीच उभी होती. काथ्याने घासून घासून तिने माठ लालभडक केला होता.

फाटकाशी भिसेगावचा एक बाप थांबलेला. त्याने मुलाला हाक मारली, "चल रं घरी! हितलं पानी नाय प्यायचं."

तो गेला, त्याच्यामागून आणखी काही गेले. बाईंनी पोरीपुढे पेला धरला, प्यायल्या आणि पुन्हा पुढे केला. "अजून घाल गं, गार आहे." मग मी, मग आमच्या मुली, मग उरलेले मुलगे. हेडमास्तर फाटकाकडे बघत उभे होते. सगळ्यांत शेवटी तेही प्यायले.

संध्याकाळी तिने विचारलं, "बाई, पोरं माज्यामुळं गेली?"

"नाही गं. बापांमुळे गेली."

"मंग उद्या पाळी कुनाची?"

"सरांची," बाई म्हणाल्या. हेडमास्तर शेजारीच होते, बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

येतात कसले, मी मनात म्हटलं. सकाळी प्रार्थनेआधी विहिरीवर गेले, तर सर धोतर खोचून पाणी शेंदत होते. निम्मं त्यांच्याच पायांवर सांडत होतं. कठड्याशी ती उभी होती.

"हळू वढा, सर. माठ भरायचा हाय, आंगूळ नाय करायची."