बीजलची अठाई

माझी नणंद बीजल एकोणतिसाव्या वर्षी एकशे एकवीस किलोची होती. मला हे पक्कं ठाऊक, कारण तिचा काटा मीच वाचायचे. तिला खाली वाकून आकडा दिसायचा नाही. "तरुभाभी, किती?" असं ती विचारायची आणि मी त्यात एक किलो वाढवून सांगायचे. उगीच, गंमत म्हणून. मी स्वतः ब्याऐंशीची, पण तिच्या शेजारी उभी राहिले की गोपीपुऱ्यातल्या बायका मला नाजूक म्हणायच्या. सुरतेत एवढं सुख फुकट मिळत असेल तर कोण सोडणार?

बीजल जैन पाठशाळेत शिकवायची. संध्याकाळी शंभरेक पोरं उपाश्रयाच्या खालच्या हॉलमध्ये बसायची आणि ती त्यांच्याकडून सूत्रं पाठ करून घ्यायची. कोणाचं कुठल्या ओळीवर अडतं ते तिला नावानिशी ठाऊक असे. हसायला लागली की खुर्चीसकट हलायची. अकरा मुलं तिला पाहून गेली होती. शेवटच्या, भरूचच्या मुलाची आई जिना उतरताना मोठ्यानं म्हणाली, "एक मुलगी बघायला बोलावलं होतं. यांनी दोन एकदम दाखवल्या." त्यावर सगळ्यात आधी हसली ती बीजलच. मग स्वयंपाकघरात जाऊन पाहुण्यांची उरलेली खांडवी तिनं उभ्याउभ्या संपवली. मी ताट धूत होते.

त्याच रात्री, प्रतिक्रमणाचा पाठ आटोपल्यावर सासूबाईंनी निर्णय जाहीर केला. आम्ही त्यांना मम्मी म्हणतो. मम्मी म्हणाल्या, "अहमदाबादला पोट लहान करून देतात. फागणात करून टाकू. पण एक ऐका, भिंतीलासुद्धा कळता कामा नये. कापून बारीक केलेली मुलगी कोण घेणार?"

"मग लोकांना काय सांगायचं?" माझ्या नवऱ्यानं, विरलनं विचारलं.

"आयंबिल करतेय म्हणायचं. मावशीकडे राहून. दिवसातून एकदा, तूप नाही, तेल नाही, मीठ नाही. त्यानं कोण बारीक होत नाही?"

बीजल म्हणाली, "मम्मी, धर्माच्या नावानं खोटं?"

"तू बारीक हो, खोट्याचं पाप माझ्या खात्यात," मम्मी म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. सुट्टी देताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की पोट मुठीएवढं केलंय, आतडं वळवून जोडलंय. आता दिवसभर घोट घोट पाणी प्यायचं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, आणि एक महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तपासणीला यायचंच. मम्मी व्याख्यानात बसल्यासारख्या मान डोलावत होत्या. व्याख्यानातलं जिना उतरेपर्यंत जेवढं लक्षात राहतं, तेवढंच हेही राहिलं. कागदावर घरच्या माणसाचा नंबर लिहायचा होता. मम्मींना मोबाइल धड येत नाही, विरलला बायकांच्या पोटाच्या गोष्टी नकोत. तिथे माझा नंबर गेला.

गोळ्यांचा निकाल दुसऱ्याच आठवड्यात लागला. मम्मींनी एक कॅप्सूल दाबून पाहिली. "हे वरचं कशाचं असतं?" जिलेटीन, मी म्हटलं. ते जनावराच्या हाडांपासून करतात. मम्मींनी बाटली तशीच कचऱ्यात टाकली. मी दवाखान्यात आहार बघणाऱ्या कृपाबेनला फोन केला. ती बिचारी हसली. "अहो, आमचे निम्मे पेशंट जैन आहेत. शाकाहारी गोळी मिळते. महिन्याच्या तपासणीला याल तेव्हा डॉक्टर लिहून देतील." आम्ही महिन्याला गेलो नाही. तीन महिन्यांनाही नाही. त्या दवाखान्याच्या बाकावर सुरतेतलं कोणी भेटलं असतं तर? खरं तर भेटलेलं माणूसही तोंड लपवूनच बसलं असतं, पण एवढा विचार आमच्या घरात कोण करतं?

बीजल मात्र भराभर उतरली. आषाढात ती शहाऐंशीवर आली. आणि मला आता आकडा खोटा सांगता येईना, कारण तिला स्वतःला दिसायला लागला. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तरु, तू पण कर की आयंबिल!" मला तिचा हेवा वाटला. फार वाटला. तिचे केस मुठीनं गळत होते, पाय बधिर होतात म्हणायची, तरी वाटला.

नवसारीच्या हंसाबेनचा मुलगा मौलिक तिला पाहून गेला आणि हो म्हणाला. श्रीफळ दिलं, गोड खाल्लं. बीजल त्या दिवशी पहिल्यांदा आरशासमोर बसून राहिली. मौलिक रोज फोन करायचा आणि ती गच्चीवर जाऊन बोलायची. तिला ते लग्न हवं होतं. मम्मींपेक्षाही जास्त तिलाच हवं होतं.

उलट्या तेव्हाच सुरू झाल्या. आधी भात, मग मुगाचं पाणी, मग काहीही. तीन आठवडे झाले तेव्हा मी कृपाबेनला फोन केला. या वेळी ती हसली नाही.

"उद्याच्या उद्या घेऊन या. जोड अरुंद झाला असेल, नळी घालून रुंद करता येतो, कापावं लागत नाही. पण इतके दिवस उलट्या म्हणजे शरीरातलं बी-वन संपलेलं असणार. त्याचं इंजेक्शन आधी द्यायला हवं. तरुबेन, हे टाळू नका. मेंदूवर जातं."

मी मम्मींना शब्दन् शब्द सांगितलं. बीजलही तिथेच होती. नेमक्या त्याच सकाळी हंसाबेनचा निरोप आला होता. त्यांच्या घराण्यात होणारी सून लग्नाआधीच्या पर्युषणात अठाई करते, आणि बीजल तर एवढी तपस्वी मुलगी, तिला आठ उपवास म्हणजे काय! पारणं त्या स्वतःच्या हातानं करवणार होत्या.

"नाही कसं म्हणणार?" मम्मी म्हणाल्या. "चार महिने आयंबिल करणारीला आठ उपवास जमत नाहीत? लगेच विचारतील ना, मग बारीक कशानं झाली? संवत्सरीचा शेवटचा दिवस होऊ दे. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद. मी स्वतः येते."

बीजलनं माझ्याकडे पाहिलं. "भाभी, आठच दिवस आहेत ना? तसंही पोटात काही राहत नाहीये. उपवासच चाललाय माझा." आणि हसली. मीही हसले. आम्ही दोघी हसलो, हे मला नीट आठवतं.

पहिल्या सकाळी साध्वीजींकडे पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचं व्रत, घ्यायला गेलो. वचन देण्याआधी त्यांनी बीजलला न्याहाळलं. "बेटा, शरीर साथ देतं ना? आजारी माणसानं करू नये. तसं असेल तर सांग, त्यात कमीपणा नाही." एवढी स्वच्छ वाट समोर होती. बीजलनं मम्मींकडे पाहिलं, मम्मींनी मागे बसलेल्या, नवसारीहून खास राहायला आलेल्या हंसाबेनकडे. "देतं, महाराजसाहेब," बीजल म्हणाली.

उकळलेलं पाणी तेवढं चालतं, तेही सूर्य मावळेपर्यंत. बाकीच्या बाया पेलाभर पाणी घटाघटा पिऊन मोकळ्या होत. हिला एका वेळी दोन घोट. तिसरा घेतला की बाहेर. दिवसभरात तांब्या निम्मासुद्धा संपत नसे आणि अंधार पडला की तो मी उचलून न्यायचे.

रोज माणसं साता, म्हणजे खुशाली, विचारायला येत. संध्याकाळी बायका तपाची गाणी म्हणत. चौथ्या दिवशी भर गर्दीत माझा फोन वाजला. कृपाबेन. "तुम्ही आला नाहीत. उलट्या कशा आहेत? खाते का काही?" माझ्या मांडीला मांडी लावून हंसाबेन बसल्या होत्या.

"हो हो, मस्त," मी म्हटलं. "नंतर बोलू."

"कोण गं?" हंसाबेननी विचारलं.

"साडीवाला."

नंतर मी फोन केला नाही.

सहाव्या दिवशी बीजलची बुबुळं थरथरायला लागली. म्हणाली, दोन-दोन दिसतंय. चालताना भिंत धरायची, पाय फाकवून टाकायची. बायका एकमेकींना दाखवत होत्या, "डोळ्यांतलं तेज बघा!" सातव्या दिवशी दुपारी तिनं हंसाबेनना "टीचर" म्हणून हाक मारली आणि गृहपाठ राहिला म्हणून माफी मागितली. मग गादीवरच कोसळली.

गल्लीतले झवेरी डॉक्टर आले. चांगला माणूस. नाडी बघितली, दाब घेतला. खोलीत बाराएक बायका, म्हणून ओढणीसुद्धा सरकवली नाही. पोटावरचे पाच बारीक व्रण कुर्त्याखालीच राहिले.

"काही जुना आजार? औषधं? ऑपरेशन वगैरे?"

"छे, काही नाही," मम्मी म्हणाल्या. "सात उपवास, बस्स."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, नक्की?"

मम्मींनी मला डोळे दाखवले नाहीत. हात दाबला नाही. कोणी काहीही केलं नाही. हंसाबेन वारा घालत होत्या. मला कृपाबेनचा शब्दन् शब्द पाठ होता. मेंदूवर जातं.

"नक्की," मी म्हटलं.

"अशक्तपणा आहे. ग्लुकोज लावू, तासाभरात उठून बसेल."

"बाटलीनं तप तुटत नाही ना?" मम्मींनी विचारलं.

"तोंडानं कुठे जातंय?" डॉक्टर म्हणाले, आणि बायका समाधानानं हसल्या.

दोन बाटल्या गेल्या. दिवस मावळेपर्यंत बीजल मम्मींनाही ओळखेना.

दुसऱ्या दिवशी तपस्व्यांची मिरवणूक, वरघोडा, निघाला. आठ तपस्वी, आठ बग्ग्या. बीजलच्या बग्गीत समाजानं तिचा फोटो ठेवला आणि प्रेमानं त्याला हार घातला. ती तेव्हा अठवा लाइन्सच्या एका हॉस्पिटलात पलंगाला बांधलेली होती. तिथल्या देसाई डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या कुर्ता वर केला, व्रण मोजले आणि आम्हा दोघींकडे वळल्या. "कधी केलंय?"

मम्मी बाहेरच्या बँडकडे कान लावून बसल्या होत्या. मी सांगितलं. सगळं. उलट्या, गोळ्या, फोन, ग्लुकोज.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बी-वन नसलेल्या शरीरात साखर ओतली की उरलंसुरलंही जळून जातं," त्या म्हणाल्या. "काल कोणी एक शब्द बोललं असतं तर आधी इंजेक्शन दिलं असतं. मग ग्लुकोज. एवढंच."

"मग आता द्या की," मम्मी म्हणाल्या.

"देतोय. डोळे सुधारतील. चालणं थोडंफार. स्मरणाचं मी सांगू शकत नाही."

डोळे सुधारले. काठी घेऊन ती चालतेही. पर्युषणाच्या आधीचं तिला बरंचसं आठवतं. पुढचं काही चिकटत नाही. पाच मिनिटांपूर्वीचं पुसून जातं. हंसाबेननी तपाची अनुमोदना कळवली आणि श्रीफळ परत केलं. मौलिकचं दिवाळीनंतर दुसरीकडे जमलं. मी बीजलला तेही सांगितलं आहे, पुष्कळदा. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच कळतं, म्हणून आता सांगत नाही.

अहमदाबादला आता आम्ही महिन्याच्या महिन्याला जातो. तोंड न लपवता बाकावर बसतो. जोड रुंद केला, उलट्या थांबल्या, शाकाहारी गोळी रोज देते. कृपाबेन तपासणीपुरतं बोलते, माझ्याकडे बघत नाही. बीजलचं वजन अडुसष्ट आहे. अशी सुंदर दिसते की रस्त्यात माणसं वळून बघतात.

दुपारी ती आरशासमोर उभी राहते आणि हरखून विचारते, "अगंबाई, मी इतकी बारीक कशी झाले?" मम्मी जाग्या असल्या तर आतून म्हणतात, "तप केलंस, बेटा." ती खूश होते. झोपलेल्या असल्या तर मी खरं सांगते. ऑपरेशन, उलट्या, अठाई, डॉक्टरांनी भाभीला विचारलेला प्रश्न आणि भाभीनं दिलेलं उत्तर. खरं बोलायची हिंमत मला आली ती आता, जेव्हा ते तिच्याकडे राहणार नाही.

ती हनुवटीखाली हात घेऊन मन लावून ऐकते. तिला वाटतं, मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगते आहे.

"आणि ती भाभी? सगळं माहीत असून गप्प बसली?"

"हो."

"कसली गं बाई!" बीजल म्हणते. "त्या पोरीला कोणीतरी सांगायला हवं, तिच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नकोस म्हणून."

मग तिची गोळीची वेळ होते. मी पेला पुढे करते आणि ती माझ्या हातून दोन घोट पिते.