आडदिवसाचा दर

तुमच्या शर्टाची कॉलर आतल्या बाजूने कशी दिसते, हे तुम्ही कधी पाहिलंय का? नसेलच पाहिलं. पाहायची वेळ येण्याआधी तुम्ही शर्ट टाकून मोकळे होता. मानेला घासून वरची घडी विरली की तुमच्या लेखी शर्ट संपला. आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या लेखी तो तिथून सुरू होतो. ती टाके उसवते, कॉलर सुटी करते, उलटी फिरवते आणि होती तिथेच शिवून टाकते. विरलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. शर्टाच्या मालकालाही फरक सांगता येत नाही. तिला सगळे कॉलरवाली म्हणतात. तिचं खरं नाव फक्त दुकानाच्या परवान्यावर आहे, आणि तो परवाना मी भांडून मिळवून दिलाय म्हणून मला ठाऊक आहे.

दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला फोन दुरुस्त करणारा. उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागते, म्हणून ती दिवसभर उभी राहतच नाही. एक मशीन, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, आणि उसवलेल्या धाग्यांचा एक डबा. धागे ती फेकत नाही, उशीत भरते. गिऱ्हाईक नसलं की त्या स्टुलावर मी बसते आणि लोकांचे अर्ज लिहिते. ती मला पुढारीण म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.

वसंत लागला की वर्तमानपत्रांत लेख यायला लागतात: सुट्टीत पैसे कसे वाचवाल, घरखर्च कसा आटोक्यात ठेवाल. बाहेरची कॉफी सोडा म्हणे. जिने कधी घेतलीच नाही तिने काय सोडायचं? हे लेख लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवलाय का, एवढंच मला विचारायचंय. कॉलरवालीला लेख लागत नाहीत. तिच्या हिशेबी वसंत हा घर चालवायचा सोन्यासारखा काळ. हीटर बंद झालेला असतो, पंखा अजून लागायचा असतो. "हे दोन महिने वीजबिल माहेरी जातं," ती म्हणते, "तेवढ्यात आपण घर आवरून घ्यायचं." मग जाड पांघरुणं टबात तुडवून गच्चीवर वाळतात, लॉन्ड्रीचं तोंड बघत नाहीत. बादली सकाळी उन्हात ठेवली की दुपारी आंघोळीचं पाणी तयार. मशीन ती गल्लीकडे तोंड करून फिरवते, म्हणजे सात वाजेपर्यंत दिवा लावायला नको. मटार उतरला की पोत्याने घेते. दाणे वाळवते आणि सालं उकळून त्यांचं सूप करते. मी ते प्यायलेय. वाईट लागत नाही, पण पुन्हा मागावंसंही वाटत नाही.

एकदा मी तिला आमच्या बायकांच्या बैठकीत बोलायला नेलं. चाळीसेक बाया होत्या. मला वाटलं, ही साबण आणि सालं सांगेल. ती उभी राहिली, कधी नव्हे ती, आणि म्हणाली, "कशासाठी वाचवायचं ते आधी ठरवा. नाहीतर नुसती सवय लागते." आणि बसली. मागून कुणीतरी विचारलं, मग मावशी, तुमचं कशासाठी? ती म्हणाली, "आम्हा चौघांना तळ्यावर जायचंय. तीन रात्री."

चौघं म्हणजे ती, मुलगा, सून आणि चौदा वर्षांची नात. मुलगा सहा तासांवरच्या शहरात एका गोदामाचा व्यवस्थापक आहे. वाईट नाही हो तो. महिन्याला पैसे पाठवायला तयार होता, तिनेच नको म्हटलं. वर्षातून एकदा येतात, अर्धा दिवस. दोन दुसऱ्या कामांच्या मधल्या वेळात, बूट दाराशी असे काढलेले की पाय घालून लगेच निघता यावं. नवरा गेल्यापासून ती चौघं एका छताखाली एकदाही झोपलेली नाहीत. तिला दुसरं काही नको होतं. घड्याळाकडे कुणी बघणार नाही अशा तीन सकाळी हव्या होत्या.

तळ्याकाठी एक लॉज आहे. तिथे फोनवर असणाऱ्या कारकून बाईचं कॉलरवालीने आठवडाभर डोकं खाल्लं. दर तीन होते: शाळांच्या सुट्टीचा, शनिवार-रविवारचा आणि आडदिवसाचा. तिने खणून खणून चौथा काढला. आडदिवस, तोही वसंतात, पूर्ण पैसे आधी, आणि रद्द केलं तर दमडीही परत नाही. चार खाटांची खोली, सकाळचा नाश्ता धरून, सुट्टीच्या दराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात. चोर पकडल्यासारख्या आनंदाने तिने मला हे सांगितलं. मीही शाबासकी दिली. एवढं स्वस्त का, हा प्रश्न दोघींपैकी एकीलाही पडला नाही. मी स्वतःला मोठी हुशार समजते, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

पैसे भरण्याआधी तिने घरी विचारलं होतं. विचारलं नव्हतं असं नाही. आणि इथेच सगळं फसलं.

कसं ते कळायला तिचं दुकान माहीत हवं. गिऱ्हाईक फाटकं काहीतरी पुढे करतं, होईल का विचारतं. कॉलरवाली कधी हो म्हणत नाही. कापड दोन बोटांत धरते, उजेडाकडे करते आणि म्हणते, "बघते." गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, ती बघते म्हणाली की काम झालं म्हणून समजा. जे होणार नाही ते ती तिथल्या तिथे परत करते, दोन शब्द सुनावून. चाळीस वर्षं तिच्या तोंडात या शब्दाचा एकच अर्थ आहे.

तर तिने फोनवर तळ्याचं काढलं. मुलगा म्हणाला, बघू आई. सून म्हणाली, बघू या हं. नात कानात काहीतरी घालून मागून जात होती, तिनेही बघू म्हटलं. तीन माणसांचे तीन होकार. कॉलरवालीने त्याच दुपारी पैसे भरले, आणि नातीला खिडकीजवळची खाट द्यायची हेही ठरवून टाकलं.

तारीख कळवायला फोन केला तेव्हा मी स्टुलावर होते. मंगळवार ते शुक्रवार, तिने वारासकट सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मग सुनेने समजावून सांगितलं की त्याच आठवड्यात नातीची वार्षिक परीक्षा आहे, आणि गोदामातही वर्षअखेरची मोजणी असते, त्या दिवसांत कुणालाच रजा नसते. आवाजात राग नव्हता, उलट बिचारी अवघडली होती. मग मुलगा फोनवर आला.

"अगं, विचारायचं तरी आधी."

"विचारलं की. तू बघू म्हणालास."

"बघू म्हणजे काय हो असतं का, आई?"

ती म्हणाली, बरं. परीक्षेला नीट जेवून पाठवा म्हणाली. फोन मशीनवर ठेवला, आणि अर्धी उसवलेली कॉलर हातात घेऊन बसली. मग मला विचारलं, "पुढारीण, तू सगळीकडे हिंडतेस. बघू म्हणजे नाही असतं का गं?"

मला साहेबलोक दिवसाला दहा बघू देतात. मी म्हटलं, असतं.

त्यावर तिने मान हलवली आणि टाके उसवायला लागली. मी चिडले. मला दुसरं येतं काय? लॉजला फोन लावला, आवाज चढवला, संघटनेचं नाव घेतलं, तक्रार करीन म्हटलं. कारकून बाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, नियम माझा नाही. सोळा वर्षं इथे आहे, तळ्याकडच्या खोलीत मी एकदाही झोपलेली नाही." मी फोन ठेवला. पगारी माणसावर ओरडले होते, आणि हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला मीच फाडून खाल्लं असतं.

मग म्हटलं, मुलाचा नंबर दे, त्याच्याशी बोलते. कॉलरवालीने पहिल्यांदा माझ्यावर डोळे वटारले. "माझ्या लेकरावर मोर्चा न्यायचा नाही," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, खाली मान घालून, "तू येतेस का? खाटा रिकाम्या जातील."

त्या आठवड्यात आमचं धरणं होतं. दोन महिन्यांची तयारी होती, मी नसून चालणार नव्हतं. हे सगळं सरळ सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "बघू."

ती हसली. चांगलं मोठ्याने हसली, चावीवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं. मला मात्र जिन्याखाली कुठे तोंड लपवावं ते कळेना.

गेली ती एकटीच. पैसे भरलेत तर वाया कसे घालवू, म्हणाली. पुढचं मी पाहिलेलं नाही. परत आल्यावर तिने काम करता करता, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, तसं लिहिते.

तळ्यावर कुणीच नव्हतं. होड्या काठावर पालथ्या घातलेल्या, एक माणूस त्यांना रंग देत होता. चहाची टपरी बंद. बाकांवर "रंग ओला आहे" अशा पाट्या, म्हणजे बसायलाही जागा नाही. तेव्हा तिला कळलं, स्वस्त का ते. लोकांना येता येत नाही त्या दिवसांचा तो दर होता.

खोली छान होती. चार खाटा, चार टॉवेल, चार पेले पालथे. पहिल्या दिवशी ती दाराजवळच्या खाटेवर झोपली. दुसऱ्या दिवशी मधल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या. मी विचारलं, असं का गं? तर म्हणाली, "पैसे चौघांचे दिलेत ना. जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले, आता अंथरुणं चार आणि पाय दोनच. मग आळीपाळीने पसरले." खिडकीजवळच्या खाटेवर ती फक्त एका दुपारी टेकली. चादर मोडू नये म्हणून कडेला.

नाश्त्याचं टेबल चौघांचं मांडलेलं असायचं. पहिल्या दिवशी वाढणाऱ्या बाईने विचारलं, बाकीचे उठायचेत का? ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही हो म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्या बाईने विचारलं नाही, टेबलावर एकच बशी ठेवली. "तेवढं नको होतं करायला तिने," कॉलरवाली मला म्हणाली, आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. सगळ्या गोष्टीत तिने तक्रार केली ती एवढीच.

मधल्या वेळात तिने खोलीच्या पडद्यांची सुटलेली पट्टी शिवून टाकली. सुईदोरा पर्समध्ये असतोच. जाताना कारकून बाईच्या ते लक्षात आलं. तिने त्याचे पैसे देऊ केले, हिने घेतले नाहीत. त्याऐवजी विचारलं, शाळांच्या सुट्टीचा दर नक्की किती? बाईने सांगितला. हिने तो बसच्या तिकिटामागे लिहून घेतला.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी मुलगा येऊन गेला, एकटाच. कशी झाली सहल, विचारलं. मस्त, ती म्हणाली. पुढच्या वर्षी सगळे जाऊ या म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, मी समोर होते. पण कधी, ते तो बोलला नाही आणि तिने विचारलं नाही. जी बाई दर खणून काढायला आठवडाभर अनोळखी माणसाचं डोकं खाते, तिला पोटच्या पोराला वार विचारायचा धीर होत नाही.

हल्ली ती सोमवारीही दुकान उघडते. सोमवार तिचा सुट्टीचा दिवस. ते तिकीट मशीनच्या खणात आहे. त्यावरचा आकडा आडदिवसाच्या तिप्पट आहे आणि तो ती गाठेल, याबद्दल मला शंका नाही. आकडे गाठायचं तिला कुणी शिकवायला नको. तिच्याकडे फक्त तारीख नाही, आणि ती वाचवून जमत नाही. ती कुणीतरी द्यावी लागते.

मी तिच्या मुलाला फोन केलेला नाही. तिने बजावलंय, आणि तिचा शब्द मी मोडणार नाही. पण तुम्हाला सांगू नको असं काही ती म्हणालेली नाही. तेव्हा ऐका. तुमच्या घरीही कुणीतरी वीजबिल जपत, बसचे दोन थांबे चालत, तुमच्यासोबत कुठेतरी जायचे पैसे बाजूला टाकत असेल. तिला दर विचारू नका, परवडेल का विचारू नका. हे वाचून झालं की कॅलेंडर काढा, स्वतःची रजा बघा, मुलांची शाळा बघा, आणि तिला फोन करून एक तारीख द्या. वारासकट.