दाराशी कोण आलंय?

वॉर्सातल्या आमच्या स्टुडिओत बोगुमिवाबाई एका व्हिडिओ गेममधल्या खानावळवालीला आवाज देत होत्या. गेम खेळणारा तिच्या मुलाला वाचवू शकतो किंवा मारू शकतो. काही झालं तरी पुढे खेळणाऱ्याने दार वाजवलं की ती म्हणते, "ये, बस. सूप गरम आहे."

"हे वाक्य दोनदा घ्यायचं," बाई म्हणाल्या.

"एकदा पुरे," दिग्दर्शक राडेक वैतागला. "आपल्याकडे पोलंडमध्ये टीव्हीवर परदेशी सिनेमातल्या सगळ्यांची वाक्यं एकच माणूस सपाट वाचतो. कुणी तक्रार करतं?"

"तो वाचतो. मी आई आहे. पोराला वाचवणाऱ्याला आणि मारणाऱ्याला एकाच आवाजात 'ये' म्हणू? मला नाही जमायचं. दुसरी बाई बघ!"

राडेकने हात टेकले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्यांदा बाईंच्या आवाजात माया होती. दुसऱ्यांदा शब्द तेच, आवाजही तितकाच हळू, पण माझ्या अंगावर काटा आला.

राडेकने हेडफोन काढले. घरी तोही या गेमची चाचणीसाठी आलेली प्रत खेळायचा.

"मी मुद्दाम नव्हतं मारलं त्याला," तो पुटपुटला. "घाईत चुकीचं बटण दाबलं."

आमच्या बाजूचा माईक चालूच होता. काचेपलीकडून बाई म्हणाल्या, "मग बस ना. सूप गरम आहे."