चौदा आणे सुकलेलं

नंदाखाल गावच्या हरीकाकांना सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणणं जमायचं नाही. जेवलात का विचारलं तर "बऱ्यापैकी". लग्नाला येणार का, तर "बराचसा येईन". घाई केली की "घाई कसली?"

मी इंजिनिअरिंग कॉलेजात फझी लॉजिक शिकवतो. म्हणजे एखादी वस्तू ओली किंवा सुकी एवढंच नसतं, ती सोळा आण्यांपैकी चार आणे ओली नि बारा आणे सुकीही असते आणि त्या आण्यांवर पक्कं गणित मांडता येतं, हे वर्गात घसा फोडून सांगतो.

काका आपल्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करायचे. सोललेलं केळं पुरतं सुकलं का, हे त्यांचा अंगठा दाबून ठरवायचा. एक दिवस माझ्या दारात उभे. "मास्तर, रक्तातल्या साखरेनं अंगठा बधिर होत चाललाय. पोरांना सांगून कळत नाय. पुरता जायच्या आत तुमच्या यंत्राला शिकवा."

मी ऐटीत सुकवणीची पेटी बांधली. आत हीटर, पंखा, ओलावा मोजणारा सेन्सर. ओलावा ठरल्या आकड्याच्या वर, तर हीटर पूर्ण चालू. खाली, तर पूर्ण बंद. पेटी दिवसभर खटखट करत राहिली. संध्याकाळी काकांनी एक सुकेळं ताटलीवर आपटलं. टण्ण!

"दाराला अडसर म्हणून चालेल. मास्तर, वर्गात पण असंच शिकवता?"

असं शिकवत नव्हतो, हीच तर लाज.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर. काका केळं दाबून किती आणे ते सांगायचे, मी शेजारी सेन्सरचा आकडा लिहायचो. दहा आणे सुकलं तर आच मध्यम, पंखा जोरात. चौदा आणे, तर आच मंद.

"आणि बारा आणे असेल तर?"

"दोन्ही नियमांचं थोडं थोडं ऐकायचं. घरात आई नि बायको, दोघींचं ऐकत नाय तुम्ही?"

माझं दोन तासांचं लेक्चर त्यांनी तिथंच उरकलं.

मोसम सरत आला तसा अंगठा एकेका केळ्यावर रेंगाळू लागला. शेवटच्या खेपेला त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं, माझ्याकडे पाहिलं. "काय नाय कळत."

मी पेटीच्या पडद्याकडे बोट केलं. तिथं सेन्सरचे आकडे नव्हते, शब्द होते. चष्मा पुसून काकांनी मोठ्यानं वाचलं, "चौदा आणे. आच मंद. दोन तास थांबा. घाई कसली?"

थांबलो. दोन तासांनी त्यांनी साखरेची पर्वा न करता एक तुकडा तोंडात टाकला.

"बऱ्यापैकी जमलं ना, काका?"

"बऱ्यापैकी कसलं? जमलं!"

काकांना जाऊन वर्ष झालं. पेटी चालू आहे. परवा गेलो तेव्हा त्यांची सून झाकण उघडायला निघाली होती. पडदा वाचून तिनं हात मागे घेतला आणि म्हणाली, "बरं मामंजी, थांबते."