काकूचं नाव पासपोर्टवर चढलं नाही

"सोनं झालं" असं माझ्या पोस्टखाली कोणी लिहू नका.

आमची काकू आज सकाळी गेली. पंचाण्णव वर्षांची होती. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको.

पेडगावच्या आमच्या घरात तिनं जन्म काढला. लग्नानंतरचे पहिले काही महिने सोडले तर नवऱ्याशिवाय.

नवरा मेला नव्हता. आफ्रिकेत होता.

मागच्या वर्षी माझा भाचा कंपनीच्या कामानं घानाला निघाला. व्हिसाचा फॉर्म ऑनलाइन, कंपनीचं लेटर, पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड. तो फोनवर कुणाला तरी यादी सांगत होता आणि काकू खाटेवरून ऐकत होती.

तिनं एकच विचारलं, "बायकोचा कागद झाला का रे?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

निजामाचं राज्य होतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं. काका इंग्रजी शिकलेले, परभणीत कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. मुंबईच्या एका पेढीची गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, दुकानं होती. तिथं त्यांना नोकरी लागली. पेढीनं कळवलं, बायकोला घेऊन या, राहायला खोली आहे.

काकू सोळा वर्षांची. माहेरचं चारठाणा आणि सासरचं पेडगाव, एवढंच जग पाहिलेली. पण निघायला एका पायावर तयार.

"भीती नाही वाटली?" मी विचारायची.

"कशाचं भ्या? सासूपरीस समुद्र बरा."

आपण निजामाची रयत, त्यामुळे पासपोर्ट हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीतून. त्याची चौकशी परभणीच्या कचेरीत. बायकोचं नाव नवऱ्याच्याच पासपोर्टवर चढायचं. देवीची लस, मुंबईत जाऊन पिवळ्या तापाची लस, आणि ही बाई याचीच बायको आहे असा दाखला.

दाखल्यापाशी गाडी अडली.

चारठाण्याच्या नोंदीत ती द्वारका. लग्नात आमच्या लोकांनी ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं, इंदिरा. पोरगी तीच, कागदावर मात्र दोन बाया झाल्या.

कचेरीतला पेशकार भला माणूस. म्हणाला, "द्वारका कौन, इंदिरा कौन? दोनों एकीच है ना? तो एक लाइन लिख के देव. बस."

ती एक ओळ सासरच्यांनी लिहून द्यायची होती. आजोबांनी नाहीतर काकांनी. काकूचे वडील चारठाण्याहून येऊन त्यांच्या बाजूचं लिहून मोकळे झाले होते.

आजोबा म्हणाले, "आमच्या घरात द्वारका नावाची कोणी बाई न्हाई. लग्न झालं, माहेरचं नाव संपलं."

रीतीभातीचा आव होता नुसता. सून गेली तर दळण, धुणं, लहान दीर कोण बघणार, हे खरं कारण. आजीनं निघताना तसं बजावूनच पाठवलं होतं.

पेशकारानं काकांकडे पाहिलं. "तुम बोलो. बीवी तुम्हारी है."

काका टोपी सारखी करत उभे राहिले.

काकू भिंतीला टेकून, पदर ओढून सगळं ऐकत होती.

"मग तू का नाही बोललीस?" मी तिला विचारायची.

"मला इचारलं कुणी?"

परतताना बैलगाडीत तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, "तुमी का बोलला न्हाई?"

"वडलांपुढं कसं बोलावं? मी पुढं जातो. तिथून लिहून पाठवतो."

समुद्र ओलांडायची हिंमत होती या माणसात. बापासमोर एक वाक्य बोलायची नव्हती. आजही लिहिताना माझा जीव जळतो.

ते गेले. पत्रं येत राहिली, प्रत्येकात 'कागद पाठवतो'. मग रझाकारांचे दिवस आले, पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. टपाल पुन्हा सुरळीत झालं तेव्हा एक पत्र आलं, आजोबांच्या नावानं. काकांनी तिकडं दुसरा संसार मांडला होता.

ते पत्र काकूला कोणी वाचून दाखवलं नाही. भांडी घासता घासता ओसरीवरच्या बोलण्यातून तिला कळलं.

आजी म्हणाली म्हणे, "जाऊ द्या, सून तर घरात हाय."

गेल्यापासून तेहतीस वर्षांनी काका चार दिवसांसाठी आले. आजी-आजोबा तोवर गेले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.ए.ला. सूट, ट्रान्झिस्टर, सगळ्यांना भारी कापड. घरच्यांना त्यांना कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं होतं.

काकूनंच वाढलं त्यांना. भाकरी वाढता वाढता, सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"कचेरीत तोंड का उघडलं न्हाई तुमी?"

काकांचा घास हातात राहिला. "वडील होते ना समोर."

"आता न्हाईत. आता सांगा."

माझे वडील म्हणाले, "वहिनी, जेवू द्या त्यांना."

काकांनी पाणी मागितलं.

मीही त्या पंगतीत होते. मला सगळं ठाऊक होतं, काकूनंच सांगितलेलं. ती माझ्याकडे बघत होती. घरात तिची बाजू घेईल असं दुसरं कोणी नव्हतं, हेही मला कळत होतं.

पण मोठ्यांच्या मध्ये कसं बोलायचं?

मी उठले आणि काकांना पाणी आणून दिलं.

त्यानंतर काकूनं कधीच काही विचारलं नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही.

काकू, तुझं बरोबर होतं. त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं मला.

नमस्कार करते तुला.