वेंडेलची चुकलेली टक्

वेंडेल ओकिमोतोसारखा हट्टी माणूस अख्ख्या गार्डीना गावात शोधून सापडायचा नाही. सत्तरी ओलांडलेला गडी, जन्मभर लोकांच्या बागा राखल्या, कुणाच्या बापाला भ्यायला नाही. पण किराणा दुकानात 'ते' गाणं लागलं, की भरलेली ट्रॉली जागच्या जागी सोडून हा बाहेर! बायको जॉइस बिचारी एकटीच बिलाच्या रांगेत उभी.

कारण त्या गाण्यातले ड्रम्स त्यानेच वाजवलेले. तरुणपणी हॉलिवूडच्या एका स्टुडिओत ठरलेला ड्रमर उगवला नाही, म्हणून ऐनवेळी याला बोलावलं. समुद्र, होडी, सोडून गेलेली प्रेयसी आणि लोण्यासारखा पियानो, म्हणजे आज ज्याला यॉट रॉक म्हणतात तसलं गाणं. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रम्स तेवढे एकटे वाजतात. तिथेच शेवटी वेंडेलची काठी निसटून ड्रमच्या काठावर आपटली. टक्! पुन्हा एकदा वाजवू द्या म्हणून तो काकुळतीला आला. पण गायकाला विमान गाठायचं होतं. गाणं तसंच बाजारात गेलं आणि तुफान चाललं. वेंडेलला मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि त्याचं सगळं खापर त्याने त्या एका टक्‌वर फोडलं.

मी रोंडा बाल्देरास, त्याची शेजारीण. आमचा बँड आहे, लूज अँकर्स. कप्तानाच्या पांढऱ्या टोप्या घालून आम्ही बंदरावर हीच गाणी वाजवतो. होडी आमच्यात एकाकडेही नाही, आणि मला तर धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं. रेडोंडो बीचचा कार्यक्रम तोंडावर आला आणि आमच्या ड्रमरने खांदा मोडून घेतला. मी तडक वेंडेलचं दार ठोठावलं.

"वाजवीन," तो म्हणाला. माझा कानांवर विश्वासच बसेना! "पण ते गाणं मी बिनचूक वाजवणार. टक् नाही."

"अहो, टक् नाही तर ते गाणं कसलं?"

"चूक आहे ती, रोंडा! इतकी वर्षं छळतेय मला. मरायच्या आधी एकदा तरी नीट वाजवू दे."

"बरं बाबा. आणि टोपी?"

"टोपी तुझ्या कुत्र्याला घाल."

आतून जॉइस ओरडली, "घेऊन जा गं त्याला! माझी खरेदी तरी एकदाची धड होईल!"

रविवारची दुपार. धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नाही. आज्या, नातवंडं, होड्यांच्या टपांवर चढलेली पोरं, आणि जिकडे तिकडे पांढऱ्या टोप्या. वेंडेलचा चेहरा पडला. "थट्टा करायला जमलेत सगळे," तो पुटपुटला.

"करू देत. तुम्ही वाजवा."

आणि काय वाजवलं हो त्याने! अंगावर काटा आला माझ्या. मग ते गाणं आलं. मी पियानोचे पहिले सूर वाजवले मात्र, धक्का नुसता दणाणून गेला. लोक गायकाचे शब्द तर म्हणत होतेच, मागच्या बायकांचे आलापसुद्धा सोडत नव्हते! दुसरं कडवं संपलं. आम्ही सगळे थांबलो. वेंडेल एकटा वाजवू लागला, एकेक ठोका जिथल्या तिथे. आणि शेवटी, ठरवल्याप्रमाणे, काठी न आपटता त्याने ती जागा मोकळी सोडली.

टक्!

अख्ख्या धक्क्याने ती भरली. कुणी कठड्यावर बाटली आपटली, कुणी डब्यावर अंगठी, एकाने तर होडीवर वल्हं हाणलं. सगळे एका क्षणी, जराही मागेपुढे नाही! पुढे उभा असलेला टकला गृहस्थ दोन स्ट्रॉ घेऊन, डोळे मिटून, वेंडेलचा ठोका न् ठोका हवेत वाजवत होता.

वेंडेलचे हात वरच राहिले. गाणं बंद पडलं. तो माझ्याकडे वळून बघायला लागला.

"यांना ठाऊक आहे?"

"ठाऊक काय, पाठ आहे! कधीपासून सांगतेय तुम्हाला!"

त्याने बाहीने डोळे पुसले, पुढे वाकून माझा माइक ओढला आणि त्या सगळ्या गर्दीला म्हणाला, "पुन्हा एकदा वाजवू द्याल?"

जो काही गलका झाला म्हणता! पाण्यावरचे पक्षी उडाले. आम्ही दुसऱ्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली. ती जागा आली तसे सगळे गप्प झाले, बाटल्या हातातच राहिल्या. आणि वेंडेलने काठी उचलून जाणूनबुजून, मनापासून ती काठावर हाणली.

परवा दुकानात जॉइस भेटली, वैतागलेली. तिच्या ट्रॉलीतलं आइस्क्रीम वितळून खाली ठिबकत होतं. "तुझ्यामुळे झालंय हे सगळं," ती म्हणाली. "ते गाणं लागलंय, आणि दुसरं कडवं होईपर्यंत हा माणूस जागचा हलत नाहीये!"

तिच्या मागे कलिंगडांच्या ढिगापाशी वेंडेल त्या टक्‌साठी बोट उगारून उभा होता.