शोकेसमधली गाडी

कोमट पाण्यात सोडलेल्या स्टिकरचे माझ्या डोळ्यांदेखत तुकडे झाले. खेळण्यातल्या रेसच्या गाडीच्या दारावर पाण्यात भिजवून लावायचा नंबर होता तो. मी आठ वर्षांचा असताना मामाने अमेरिकेहून ही गाडी आणली होती, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायची. बाबांनी खोका तसाच शोकेसमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. "मोडशील. मोठा झालास की जोड."

आता पन्नाशीत मी ते कुलूप उघडलं, तर खोक्यात गाडीच्या काचा पिवळ्या पडलेल्या आणि टायर चिकटून बॉनेट विरघळलेलं. कुणाचा हात लागला नाही, तरी वाट लागलीच ना? आमच्या घरात सगळं असंच जपलं. चांगले कप पाहुण्यांना, नवी चादर सणाला. आईने मोरपिशी साडीची घडी शेवटपर्यंत मोडली नाही. आई गेली आणि साडी घडीवरच विरली. कुणासाठी जपत होतो आपण?

चिडूनच मी गाडी जोडली, बिननंबरची, वाकड्या बॉनेटची. गोंद वाळल्यावर खुर्चीत बसलेल्या बाबांसमोर फरशीवर ठेवली आणि जोरात ढकलली.

बाबा कळवळून ओरडले, "अरे, हळू! मोडेल ना!"